घरात स्मोक डिटेक्टर लावणं कायद्यानं बंधनकारक आहे का? नियम, खरेदी आणि बसवण्याची पूर्ण माहिती

मोबाईल, कॅमेरा, वायफाय प्लग यांच्याबरोबर आता ऑनलाइन दुकानांत 'स्मोक डिटेक्टर' नावाची पांढरी गोल डबीही सर्रास दिसते. ती बघून बरेच जण विचारतात, "हे घरात लावायलाच पाहिजे असा काही कायदा आहे का?"

थोडक्यात उत्तर असं: तुमचं स्वतःचं, एका कुटुंबाचं घर असेल, तर महाराष्ट्रात स्मोक डिटेक्टर लावण्याची सक्ती नाही. तुम्ही उंच इमारतीत, वसतिगृहात, लॉजमध्ये किंवा दुकान-कारखान्याच्या वर राहत असाल, तर नियम बदलतात.

माझं गाव सोनारी, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव. काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी आणि तिथल्या माकडांसाठी प्रसिद्ध असलेलं. आमच्याकडे माळवदाची, पत्र्याची आणि स्लॅबची अशी तिन्ही प्रकारची घरं आहेत. इंटरनेटवरची बहुतेक माहिती अमेरिका-इंग्लंडच्या घरांसाठी लिहिलेली असते आणि ती आपल्या पत्र्याखाली जशीच्या तशी चालत नाही. म्हणून या लेखात कायदा तर बघूच, शिवाय आपल्या घरात हे यंत्र नेमकं कुठं आणि कसं लावायचं तेही बघू.

आधी हे समजून घ्या: जीव जातो तो बहुतेक वेळा धुरानं

३ एप्रिल २०२४ ची पहाट. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या शिलाईच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या ७ जणांचा मृत्यू झाला. पोलिसांनी दिलेल्या प्राथमिक माहितीनुसार आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. ते गुदमरून गेले.

१८ मे २०२५ ला, पुन्हा पहाटेच, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात आग लागली. ८ जण गेले. त्यात तिथंच राहणारं मालकाचं कुटुंबही होतं.

दोन्ही घटनांत तीन गोष्टी सारख्या आहेत. वेळ पहाटेची, माणसं झोपेत, आणि घर व धंदा एकाच इमारतीत. झोपेत धुराच्या वासानं जाग येईल असं आपल्याला वाटतं. पण झोपेत वासाची जाणीव खूप मंदावते. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू, ज्याला रंगही नाही आणि वासही नाही, माणसाला आणखी गुंगीत ढकलतो. कानाची गोष्ट वेगळी आहे, मोठा आवाज झाला तर झोपमोड होते. स्मोक डिटेक्टरचं काम एवढंच, धूर वाढण्याआधी तुमच्या कानाशी बोंब मारणं.

महाराष्ट्राचा कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे मुख्य कायदा आहे 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६'. तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. आगीपासून संरक्षणाची साधनं बसवण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे, असं हा कायदा सांगतो. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष ती जागा वापरतो तो.

कुठल्या इमारतीत कुठली साधनं हवीत, यासाठी राष्ट्रीय इमारत संहितेचा, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडचा आधार घेतला जातो. या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत चौथा भाग आगीच्या सुरक्षेचा आहे. त्यात राहण्याच्या इमारतींचे असे वर्ग आहेत:

- ए-१: लॉज, भाड्याच्या खोल्या
- ए-२: एक किंवा दोन कुटुंबांचं खासगी घर
- ए-३: वसतिगृह
- ए-४: अपार्टमेंट, फ्लॅटची इमारत
- ए-५ आणि ए-६: हॉटेलं

सोनारीतलं आमचं घर, तुमचा वाडा, बंगला, रो-हाऊस हे सगळं ए-२ मध्ये येतं आणि या वर्गाला डिटेक्टरची सक्ती नाही. फ्लॅटच्या बाबतीत प्रश्न इमारतीच्या उंचीचा येतो. कोडनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही 'उंच इमारत' धरली जाते. उंची वाढते तशी साधनांची यादीही वाढते: अग्निशामक सिलिंडर, होज रील, हातानं दाबायचा अलार्म, स्प्रिंकलर, आपोआप चालणारी डिटेक्शन यंत्रणा. तुमच्या इमारतीला नेमकं काय लागू आहे ते अग्निशमन विभागाच्या ना-हरकत प्रमाणपत्रात लिहिलेलं असतं. सोसायटीच्या सचिवांकडे त्याची प्रत असायला हवी.

घराखाली दुकान असेल तर?

हा मुद्दा आपल्या तालुक्याच्या गावांत सगळ्यात महत्त्वाचा. खाली किराणा, कापड, गॅरेज किंवा गोदाम आणि वर राहणं ही आपल्याकडची नेहमीची रचना. एकाच इमारतीत दोन वेगवेगळे वापर असतील, तर जास्त धोक्याच्या वापराचे नियम लागू होतात, असं कोड सांगतो. आगरोधक भिंतीनं दोन्ही भाग नीट वेगळे केले असतील तर गोष्ट वेगळी. म्हणजे "आमचं तर घर आहे" एवढ्यावर विषय संपत नाही. कागद बाजूला ठेवला तरी, खाली माल आणि वर लेकरं झोपत असतील तर पहिला डिटेक्टर खालच्या दुकानात हवा आणि त्याचा आवाज वर ऐकू यायला हवा.

भाड्यानं किंवा वसतिगृहात राहणाऱ्यांनी 'फॉर्म बी' मागा

बार्शी, लातूर, पुण्याला शिकायला गेलेल्या मित्रांसाठी ही खास माहिती. ज्या इमारतींना अग्निसुरक्षेची साधनं बंधनकारक आहेत, तिथं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, परवानाधारक एजन्सीकडून साधनं चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन ते अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. यालाच 'फॉर्म बी' म्हणतात. साधनं पहिल्यांदा बसवताना मिळतो तो 'फॉर्म ए'.

खोली बघायला गेल्यावर आपण वायफायचा स्पीड विचारतो, पाणी किती वेळ येतं ते विचारतो. त्याच दमात एवढंही विचारा, "काका, यंदाचा फॉर्म बी झालाय का?" आणि भिंतीवरच्या अग्निशामक सिलिंडरवरची तारीख बघून घ्या. याला अर्धा मिनिट लागतो.

बाहेरच्या देशांत काय नियम आहेत?

परदेशात राहणारे नातेवाईक सांगतात, "फोडणी दिली की अलार्म वाजतो!" ते खरं आहे, कारण तिथं हे यंत्र घरोघरी असतं.

- इंग्लंड: १ ऑक्टोबर २०१५ पासून घरमालकानं भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर किमान एक स्मोक अलार्म लावायचाच.
- स्कॉटलंड: फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराला नियम लागू. बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक मजल्याच्या बोळात स्मोक अलार्म, स्वयंपाकघरात उष्णतेचा अलार्म, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. एक वाजला की सगळे वाजतात.
- फ्रान्स: मार्च २०१५ पासून प्रत्येक घरात किमान एक.
- जपान: नव्या घरांना २००६ पासून, जुन्या घरांना २०११ पर्यंत. भर झोपण्याच्या खोल्यांवर.
- ऑस्ट्रेलियाचं क्वीन्सलँड राज्य: टप्प्याटप्प्यानं नियम. १ जानेवारी २०२७ पासून मालक स्वतः राहत असलेल्या जुन्या घरांनाही एकमेकांना जोडलेले अलार्म सक्तीचे.

या देशांत सरकार घराच्या आतपर्यंत आलं. आपल्याकडे कायदा इमारतीच्या जिन्यापर्यंत येतो, उंबऱ्याच्या आत आपली आपल्यालाच काळजी घ्यावी लागते. शिवाय गावात आणखी एक अडचण असते. आगीची गाडी तालुक्याच्या किंवा शेजारच्या शहरातून येणार. ती येईपर्यंत घरातली सगळी माणसं बाहेर असली पाहिजेत.

यंत्र काम कसं करतं?

बाजारात मुख्य चार प्रकार दिसतात.

१. फोटोइलेक्ट्रिक स्मोक डिटेक्टर. आत एक काळोखी कप्पी असते. एका बाजूनं बारीक प्रकाश सोडलेला असतो आणि सेन्सर मुद्दाम त्या प्रकाशाच्या वाटेबाहेर बसवलेला असतो. धूर आत शिरला की धुराच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, थोडा सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. दाराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ कशी चमकते, तसंच हे. गादी, कापूस, वायर यांच्या धुमसणाऱ्या आगीला हा लवकर ओळखतो. घरासाठी हाच घ्या.

२. आयोनायझेशन डिटेक्टर. यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी पदार्थाचा अगदी सूक्ष्म अंश असतो. भडकत्या आगीला हा लवकर ओळखतो, धुमसणाऱ्या आगीला उशिरा. फोडणीच्या धुरानं विनाकारण वाजण्याचं प्रमाणही जास्त. घरासाठी टाळा.

३. हीट डिटेक्टर. हा धुराकडं बघतच नाही. तापमान ठरावीक अंशावर, साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसला पोहोचलं की वाजतो. चूल किंवा रोजची फोडणी असलेल्या स्वयंपाकघरासाठी हा बरा.

४. गॅस डिटेक्टर. हा गळणारा एलपीजी ओळखतो. स्मोक डिटेक्टरला गॅस कळत नाही आणि गॅस डिटेक्टरला धूर कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. म्हणून हा डिटेक्टर जमिनीपासून साधारण एक फुटावर लावतात, छताला नाही.

खरेदी करताना हे तपासा

- स्वतः वाजतो का? इथं सगळ्यात जास्त फसगत होते. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच डिटेक्टर ऑफिस आणि मॉलमधल्या पॅनलला जोडायचे असतात. त्यांना १२ किंवा २४ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो आणि त्यांच्यात भोंगाच नसतो. घरी लावले तर शोभेची डबी. वर्णनात 'स्टँडअलोन' आणि 'बॅटरीवर चालणारा' हे शब्द बघा.
- आवाज: ३ मीटरवर ८५ डेसिबल लिहिलेलं असावं.
- मानक: ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ हे घरगुती अलार्मचे मानक आहेत. भारतीय मानकांत स्मोक डिटेक्टरसाठी आयएस ११३६० आहे.
- बॅटरी: ९ व्होल्टची असेल तर साधारण दरवर्षी बदलावी लागते. सीलबंद लिथियम बॅटरी १० वर्षं चालते. किंमत जास्त, पण गावी आई-वडिलांकडे लावायचा असेल तर हाच सोयीचा.
- तापमानाची मर्यादा: खोक्यावर लिहिलेली असते. आमच्या भागात उन्हाळ्यात बाहेरच ४० अंशांच्या वर पारा जातो. कमाल मर्यादा ३८-४० असलेलं मॉडेल पत्र्याखाली लावू नका.
- किंमत: साधा बॅटरीचा डिटेक्टर काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत मिळतो. वायफायचा त्याहून महाग.

कुठं लावायचा? तीन प्रकारच्या घरांसाठी

एकच घेणार असाल तर झोपायच्या खोलीच्या दाराबाहेर, छताला. दोन घेणार असाल तर दुसरा झोपायच्या खोलीत. मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर एक.

स्लॅबचं घर: छताच्या मध्याजवळ, भिंतीपासून आणि दिव्यापासून किमान एक फूट दूर. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून ३ फूट अंतर ठेवा, नाहीतर वारा धूर उडवून लावतो. गॅसच्या शेगडीपासून किमान १० फूट लांब.

पत्र्याचं घर: उतरत्या पत्र्याच्या अगदी टोकाला कोपऱ्यात हवा कोंडलेली राहते आणि धूर तिथं लवकर पोहोचत नाही. टोकापासून किमान चार इंच खाली उतरा. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. पत्र्याखाली तापलेल्या हवेचा थर तयार होतो आणि सुरुवातीचा थंड धूर त्या थराखालीच तरंगत राहतो. म्हणून डबी थेट पत्र्याला न चिकटवता खालच्या आडव्या लोखंडी नळीला किंवा लाकडाला लावा. आमच्या घरी मी तशीच लावली आहे. पत्र्याच्या स्वयंपाकघरात हीट डिटेक्टर मात्र विचार करून घ्या, मे महिन्याच्या दुपारी तो आगीशिवायही वाजू शकतो.

माळवदाचं घर: तुळयांमुळं छताचे कप्पे पडतात आणि धूर आधी एका कप्प्यात भरतो. अशा वेळी तुळईच्या खालच्या बाजूला डबी लावली तरी चालते. माती झिरपत असेल तर महिन्याला कोरड्या ब्रशनं साफ करा, कारण धूळ आत गेली की विनाकारण वाजतो.

देवघर, डासांची अगरबत्ती, न्हाणीघराची वाफ यांच्यापासून डबी लांब ठेवा. आणि सोनारीकरांसाठी खास सूचना: अंगणात किंवा ओसरीत उघड्यावर लावू नका. माकडं ठेवणार नाहीत!

मोबाईलचा काय उपयोग? आणि काय नाही?

"कॅमेऱ्यानं धूर ओळखणारं" ॲप: भरवसा ठेवू नका. फोनमध्ये धुराचा सेन्सर नसतो. रात्री फोन उशीखाली किंवा चार्जिंगला पडलेला असतो, तो काय बघणार?

वायफाय डिटेक्टर: शेतात किंवा परगावी असताना नोटिफिकेशन येतं, हा त्याचा फायदा. पण लाईट गेली की राउटर बंद आणि नोटिफिकेशनही बंद. फोन सायलेंटवर असेल तर तेही कळत नाही. म्हणून वायफायचा घेतला तरी त्याचा स्वतःचा भोंगा आणि बॅटरी असायलाच हवी. नोटिफिकेशनला वरची सोय समजा.

साउंड रेकग्निशन: ही फुकट आणि कामाची सोय. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून 'साउंड रेकग्निशन' आहे आणि अँड्रॉइडमध्ये त्याच वर्षापासून 'साउंड नोटिफिकेशन्स'. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये शोधा. कुठंही स्मोक अलार्म वाजला की फोन तो आवाज ओळखतो आणि थरथरून कळवतो. इंटरनेट लागत नाही. घरात ऐकू कमी येणारं कुणी असेल तर जरूर चालू करून द्या. पण आयुष्य फक्त याच्यावर सोपवू नका, असं या कंपन्याही बजावतात.

एक महत्त्वाची गोष्ट: साध्या अलार्मचा आवाज बारीक आणि कर्कश असतो. वय झालेल्यांना नेमका तोच आवाज कमी ऐकू येतो आणि लहान मुलं गाढ झोपेत उठतच नाहीत. म्हणून अलार्म वाजला की आजीला कुणी उठवायचं आणि धाकट्याला कुणी उचलायचं हे आधीच ठरवून ठेवा.

देखभाल: महिन्याला एक मिनिट

- फोनमध्ये दर १ तारखेचा रिमाइंडर लावा आणि डबीवरचं टेस्टचं बटण दाबा. वाजला पाहिजे.
- मिनिटामिनिटाला 'टिक' असा बारीक आवाज येत असेल तर बॅटरी संपत आली आहे. डबी काढून कपाटात टाकू नका, बॅटरी बदला.
- दिवाळीच्या साफसफाईत जाळी-जळमटं काढा. रंगकाम करताना झाकून ठेवा, पण नंतर झाकण काढायला विसरू नका. डबीवर रंग देऊ नका.
- बसवल्याची तारीख मागच्या बाजूला पेननं लिहा. १० वर्षांनी पूर्ण यंत्रच बदला, बॅटरी चांगली असली तरी.

अलार्म वाजला तर?

१. सगळ्यांना उठवा. सामान गोळा करत बसू नका.
२. धूर असेल तर खाली वाकून, गरज पडली तर रांगत बाहेर पडा. श्वास घेण्याजोगी हवा जमिनीजवळ असते.
३. बाहेर पडताना मागची दारं ओढून घ्या. त्यानं आग आणि धूर दोन्ही मंदावतात.
४. मेन स्विच वाटेतच असेल तर बंद करा, त्यासाठी आत वळू नका.
५. बाहेर ठरलेल्या एका जागी जमा आणि माणसं मोजा.
६. अग्निशमनासाठी १०१, किंवा कुठल्याही आपत्तीसाठी ११२ लावा. गॅस गळतीसाठी १९०६.
७. पुन्हा आत जाऊ नका. फोन, कागदपत्रं, दागिने, कशासाठीही नाही.

रात्री दाराला आतून कुलूप लावत असाल, तर किल्ली दाराजवळच ठरलेल्या खिळ्याला लटकवा. अंधारात, धुरात किल्ली शोधायला वेळ मिळत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरमालक डिटेक्टर लावत नाही. मी भाडेकरू म्हणून लावू शकतो का?
हो. बॅटरीचा डिटेक्टर दुहेरी चिकटपट्टीनंही बसतो, भिंतीला भोक पाडायची गरज नाही. खोली सोडताना काढून न्या.

आमच्याकडं चूल आहे. रोज वाजत नाही का राहणार?
चुलीच्या खोलीत स्मोक डिटेक्टर नकोच. तो झोपायच्या खोलीत लावा आणि मधलं दार असेल तर रात्री लोटून ठेवा.

डिटेक्टर आग विझवतो का?
नाही. तो फक्त उठवतो. विझवायला अग्निशामक सिलिंडर वेगळा लागतो, आणि तोही आग लहान असेल तेवढ्यापुरताच.

इलेक्ट्रिक स्कूटर घरात चार्ज करतो. काही वेगळं करावं का?
रात्रभर, जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका. तिथं आग लागली तर बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो. त्या जागेजवळ एक डिटेक्टर जरूर लावा.

मित्रांनो, कायद्याची वाट बघायची तर आपल्या घरापर्यंत तो कधी येईल सांगता येत नाही. मोबाईलच्या कव्हरवर आणि इअरफोनवर आपण जेवढे पैसे घालतो, तेवढ्यात एक डिटेक्टर येतो. पुढच्या वेळी गावी जाताना एक घेऊन जा, स्टुलावर चढून स्वतः लावा आणि आई-वडिलांसमोर बटण दाबून तो आवाज एकदा ऐकवा. रात्री तो वाजला तर तो कशाचा आवाज आहे, हे त्यांना लगेच कळलं पाहिजे.